सहा महिन्यांचं धनगरी पिल्लू कोंबड्यांमागे धावतंय, राखणीला कसं तयार करू?

द्राक्षबाग_दिंडोरी

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षाची बाग आहे. विहिरीजवळ एक पडीक तुकडा होता, तिथे मी कोंबड्या सांभाळते. बऱ्याचशा गावरान, थोड्या गिरिराज. दिवसा मोकळ्या, संध्याकाळी शेडमध्ये. अंडी नाशिकला जातात, गिऱ्हाईक बांधलेलं आहे. घरखर्चाचा बराच भार आता यावर आहे, त्यामुळे हा हौसेचा विषय राहिलेला नाही.

त्रास मुंगसाचा आणि मोकाट कुत्र्यांचा. मुंगूस भरदुपारी येतं, एक कोंबडी नेतं आणि दोन अर्धमेल्या करून जातं. कुत्री टोळीने येतात. म्हणून धनगरांच्या वाड्यावरून एक पिल्लू आणलं. नर आहे, तांबूस-पांढरा, हाडापेराने दणकट. सोन्या नाव ठेवलं. आणला तेव्हा दोन महिन्यांचा होता, आता सहावा सरत आलाय. आधी शेडच्या दारात झोपायचा, कोंबड्या त्याच्या अंगावरून चालत जायच्या, त्याला काही नाही. हल्ली मात्र एखादी फडफडली की हा मागे लागतो. शेपटीची पिसं उपटतो, पंजाखाली दाबून धरतो, चाटत बसतो. चावत नाही. पण परवा एक तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, त्याच्या पंजाखाली गेली ती उठलीच नाही. अंगावर दाताची खूण नव्हती.

सासरे म्हणतात, मेलेली कोंबडी दोन दिवस त्याच्या गळ्यात बांध, परत तोंड लावणार नाही. दीर म्हणतात, एकदा चटक लागली की कुत्रं सुधारत नाही, परत देऊन टाका. मला दोन्ही पटत नाही. पण दिवसभर साखळीलाच ठेवायचा तर आणला कशाला? ज्यांच्याकडे कुत्रं आणि कोंबड्या एकत्र राहतात त्यांनी सांगा, नेमकं काय केलंत? वेळ द्यायची माझी तयारी आहे.

गंगापूर_रोड

ताई, गावठी पिल्लात वेळ घालवू नका. जर्मन शेफर्ड घ्या, चांगल्या माणसाकडून शिकवून घ्या. हे पिल्लू बंगल्याच्या दाराशी बांधा, चोरापासून राखण करील.

देवनदीकाठ

दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण मी याच्या उलट सांगेन. शेफर्ड हुशार असतो, मात्र त्याचं काम जनावरं हाकण्याचं. पळणारी कोंबडी दिसली की त्याला राहवत नाही. आपल्याकडचा कारवानी किंवा पश्मी तर शिकारीचाच, पळतं ते धरायचं एवढंच त्याला ठाऊक. कळपात बसून राखण करणारं कुत्रं वेगळं. ते आळशी दिसतं, दिवसभर पडून असतं, आणि तेच आपल्याला हवं असतं.

ताई, सोन्याला परत देऊ नका. मी सिन्नरकडची. आमची भुरी आता म्हातारी झालीय, तिच्यासमोर कोंबड्यांच्या कितीतरी पिढ्या वाढल्या. खुडूक कोंबडी तिच्या पोटाशी जाऊन बसते आणि भुरी कूसही बदलत नाही. हीच भुरी आठेक महिन्यांची असताना पिसं तोंडात धरून अंगणभर नाचायची. तुमचा सोन्या बिघडलेला नाही, वयात येतोय.

राखण करणं या कुत्र्यांच्या रक्तात असतं. अनोळखी वास आला की उठणं, भुंकणं, मधे जाऊन उभं राहणं, हे कुणी शिकवत नाही. कोंबडी आपली आहे हे मात्र शिकवावं लागतं. मेंढरू सावकाश चालतं, अंगाला अंग लावून उभं राहतं, पिल्लू त्यात सहज मिसळतं. कोंबडी एकदम उडते, ओरडते, पंख झापडते, आणि पिल्लाला तो खेळ वाटतो. लहान होता तेव्हा पळायची ताकद नव्हती म्हणून गरीब वाटला. सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा काळ नाजूक. मोठ्या हाडाची कुत्री दोन वर्षांची होईपर्यंत पोरकट असतात. तोवर त्याला कोंबड्यांत एकटा सोडायचा नाही. मुंगसापासून शेड राखेल ती आत्ता तरी तुमची जाळीच. वेल्डमेश, म्हणजे जाड तारेची सांधलेली जाळी, लावा, पातळ कोंबडीजाळी मोकाट कुत्री फाडतात. खाली फूटभर जमिनीत गाडा आणि टोक बाहेरच्या बाजूला वळवून मातीखाली दाबा, म्हणजे उकरणारं तिथेच अडतं.

साखळी नको, जाळीपलीकडची जागा द्या. कोंबड्या जिथे चरतात त्याला लागून एक कुंपण घालून त्याचं घर करा. सावली, पाणी, पोतं. दिवसभर त्याला कोंबड्या दिसल्या पाहिजेत, त्यांचा वास आला पाहिजे, पण धरता आली नाही पाहिजे. साखळीला बांधलेलं पिल्लू समोरून जाणाऱ्या प्रत्येक कोंबडीवर झेप घेतं, गळ्याला हिसका बसतो आणि त्याचा राग कोंबडीवर जातो. जाळीपलीकडे मोकळं असलं की थोडे दिवस जाळीच्या कडेने पळतं, मग कंटाळतं. तो कंटाळा येऊ द्या. शिक्षणातला निम्मा भाग तोच आहे.

आता उरलेला निम्मा. रोज संध्याकाळी आधी त्याला बांधावरून चांगला लांब फिरवून आणा, दमू द्या. मग गळ्यात पट्टा, पट्ट्याला दहा-पंधरा हात सुती दोर, आणि त्याला घेऊन कोंबड्यांत जाऊन बसा. उभं राहायचं नाही, बसायचं. कोंबड्या दाणे टिपत असताना बसलात तर उत्तम, तेव्हा त्या शांत असतात. तुमचं लक्ष कोंबड्यांकडे नको, त्याच्या तोंडाकडे हवं. धावायच्या आधी तो सांगतो. कान पुढे येतात, तोंड मिटतं, एकाच कोंबडीवर नजर खिळते, शेपूट ताठ होते, अंग दगडासारखं घट्ट होतं. नेमकं तेव्हा हलक्या आवाजात "राहू दे" म्हणायचं आणि दोर जरा आपल्याकडे घ्यायचा. धावल्यावर ओरडून उपयोग नसतो, तेव्हा त्याला काही ऐकू येत नाही. नजर काढली, जमीन हुंगली, जांभई दिली, आडवा झाला, की छातीवरून सावकाश हात फिरवायचा. तिथे बिस्किटं टाकू नका, बिस्किटावर कोंबड्या धावतात आणि सगळं बिघडतं.

सुरुवात तलंगांपासून करू नका. दांडगा कोंबडा आणि जुन्या, वजनदार कोंबड्या आधी. भुरीला खरी शिस्त आमच्या पिल्लंवाल्या कोंबडीने लावली. भुरी दोरावर होती, पिल्लांकडे नाक नेलं, कोंबडी फुलून आली आणि नाकाच्या शेंड्यावर टोच मारली. त्यानंतर पिल्लंवाली दिसली की भुरी मान वळवून बसायची.

जेवणाचं ताट सगळ्यात महत्त्वाचं, कारण माझ्या पाहण्यातल्या चांगल्या, शिकलेल्या कुत्र्यांनी कोंबड्या मारल्या त्या ताटावर. कोंबडी चोरटी असते, भाकरी दिसली की चोच घालते. कुत्रं खाताना झडप घालतं, एक झडप पुरते. त्याचं जेवण कोंबड्या पोचणार नाहीत अशा जागी, ठरलेल्या वेळी, आणि उरलेलं लगेच उचलायचं. हाडूकही तिथेच.

आणि घरातल्या माणसांना सांगा, त्याच्यासमोर कोंबड्यांमागे पळायचं नाही. विकायला कोंबडी धरायची असली की पोरं शेडभर धावतात, आरडाओरडा होतो, पिसं उडतात. पिल्लू ते बघतं आणि आपणही मदत करावी म्हणतं. कोंबड्या अंधार पडल्यावर दांडीवरून उचला, एकही ओरडत नाही. आखाडात तर अजून जपा. घरोघर कोंबडी कापली जाते आणि पिसं-आतडी दारच्या कुत्र्यापुढे पडतात. कोंबडीची राखण करणाऱ्या कुत्र्याला कोंबडीचं कच्चं काहीही घालायचं नाही.

गळ्यात मेलेली कोंबडी बांधायचा प्रकार मी शेजारी पाहिलाय. त्या कुत्र्याने दुसऱ्या दिवशी ती फाडून खाल्ली. मारहाणीने तो फक्त तुमच्यासमोर गप्प बसायला शिकेल, पाठ वळली की तेच करील. सासऱ्यांना दुखवू नका, म्हणा थोडे महिने माझ्या पद्धतीने बघू द्या.

वाडा_मेंढरं

ताई, आमची मेंढरं येवला-नांदगावकडची. देवनदीकाठच्या मावशींनी सांगितलं त्यात कुत्र्याच्या बाजूने थोडं घालतो.

वाड्यावरचं पिल्लू एकटं शिकत नाही. त्याची आई असते, दोन-तीन थोराड कुत्री असतात. कोकराच्या अंगावर उडी मारली की आई गुरगुरते, मेंढी ढुशी देते. रात्री मेंढरांभोवती वाघूर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावली की कुत्री बाहेरून चारी बाजूंना पडतात, पिल्लू त्यांच्यामागे जाऊन पडतं. असं बघत बघत तयार होतं. तुम्ही दोन महिन्यांचं आणलं, तिथून पुढची शाळा त्याची राहिली. ती तुम्हाला भरून काढायची आहे. जवळपास कुणाकडे कोंबड्यांत राहिलेलं शांत, वयस्क कुत्रं असेल तर सोन्याला दोरावर घेऊन त्याच्याबरोबर बसवत चला. दुसरं पिल्लू मात्र जोडीला आणू नका. दोन पोरकट कुत्री एकत्र आली की एक पळवतं आणि दुसरं धरतं.

आमच्या बिऱ्हाडातही कोंबड्या असतात. मुक्काम हलला की डालग्यात घालून घोड्यावर. मुक्कामाला उतरलो की पायाला दोरी बांधून खुंट्याशी सोडतो. म्हणून वाड्यावरच्या पिल्लाने कोंबडी बघितलेली असते, पण बांधलेली. मोकळी, उडणारी, त्याला नवी. तुमच्या घरी काय झालं ते यावरून कळेल.

आणखी एक. त्याच्या भुंकण्याला रागावू नका. रात्री कुत्रं विनाकारण भुंकत नाही. आम्ही बॅटरी घेऊन उठतो, त्याच्या अंगाला हात लावतो, बघतो आणि परत झोपतो. मालक उठतो हे कळलं की कुत्र्याला बळ येतं.

पशुवैद्य_निफाड

चर्चा चांगली चाललीय. शिकवण्याबद्दल मावशींनी लिहिलंय त्याला माझा पूर्ण पाठिंबा. परदेशातही हेच सांगतात की पक्ष्यांसाठी कुत्रं तयार करायला मेंढरांपेक्षा जास्त वेळ लागतो, पण ते होतं. ऑस्ट्रेलियात वॉर्नांबूलजवळ मिडल आयलंड नावाचं बेट आहे. तिथले छोटे पेंग्विन, उंचीला जेमतेम फूटभर, कोल्ह्यांनी जवळपास संपवले होते. २००६ पासून तिथे मरेम्मा जातीची राखणीची कुत्री ठेवायला लागले आणि पेंग्विन परत वाढले. ही कल्पना मुळात एका कोंबडीपालकाची, त्याची कुत्री आधीपासून कोंबड्या राखत होती.

मी औषधपाण्याचं सांगतो, कारण दवाखान्यात येणारी राखणीची कुत्री बहुतेक वेळा या कारणांनी येतात.

तुम्ही द्राक्षबागेत आहात, म्हणून पहिलं द्राक्षाचं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. एखादं कुत्रं घडच्या घड खाऊन हिंडतं आणि दुसरं मूठभर मण्यांनी दगावतं, आधी ओळखता येत नाही. काढणीच्या दिवसांत खाली पडलेले मणी, बेदाण्याच्या शेडवरची गाळण, यापासून लांब ठेवा. खाल्लं असेल तर उलट्या सुरू व्हायची वाट बघू नका, तडक डॉक्टर गाठा. लघवी कमी होईपर्यंत थांबलात तर हातात फार काही उरत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे फुटायला जे हायड्रोजन सायनामाइड लावता, त्याच्या बादल्या, पेस्ट केलेल्या काड्या त्याच्या तोंडाला लागू देऊ नका.

दुसरं, कोंबडीखाद्य. कॉक्सी, म्हणजे कोंबड्यांच्या आतड्याचा रोग, येऊ नये म्हणून तयार खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अशी औषधं घातलेली असतात. कोंबडीला चालतात, कुत्र्याला नाही. पोतं फोडून भरपूर खाल्लं तर मागचे पाय लुळे पडतात, पुढे श्वासावर येतं. खाद्याच्या पोत्यावरचा मजकूर वाचा आणि पोती बंद पिंपात ठेवा. शेडमध्ये उंदराचं औषध टाकत असाल तर तेही बंद पेटीतच.

मेलेली कोंबडी कुत्र्यापुढे टाकणं किंवा गळ्यात बांधणं, दोन्ही नको. मानमोडीने मेली, देवीने मेली की आणखी कशाने, हे आपल्याला लगेच कळत नाही. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा उत्तर महाराष्ट्राने काय सोसलं ते पोल्ट्रीवाल्यांना आठवत असेल. खोल खड्डा, चुना, वर माती, आणि कुत्रं उकरणार नाही असे दगड. एकदम जास्त मरतूक दिसली तर पुरण्याआधी पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यात कळवा.

रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयाला, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरा डोस, मग दर वर्षी. सोन्याची राहिली असेल तर आधी ती. मुंगसाशी आणि मोकाट कुत्र्यांशी भिडणारं कुत्रं आहे, मुंगसालाही रेबीज होतो. चावा बसला तर लस झालेली असली तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याने धुवा, हातमोजे घालून, आणि दवाखान्यात या. जंताचं औषध वेळेवर, गोचीड-पिसवा कोंबड्यांच्याही बघा आणि कुत्र्याच्याही.

शेवटचं बिबट्याचं. गोदाकाठ, दारणाकाठ, उसाचा पट्टा, आता दिंडोरीकडेही. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्या काय खातो याचा अभ्यास झाला होता, त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. रात्री उघड्यावर साखळीने बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला वाढून ठेवलेलं ताट. हिमालयातले गद्दी मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, पण तिथे कुत्री मोकळी असतात आणि एकाहून जास्त असतात. तुमचं एकटं कुत्रं अंधार पडला की वरून-खालून बंद असलेल्या जागेत हवं, शेडला चिकटून. तिथून भुंकलं तरी राखणीचं काम होतं. बिबट्या वारंवार फिरकत असेल तर १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर कळवा.

द्राक्षबाग_दिंडोरी

मावशी, दादा, डॉक्टर, मनापासून आभार. तुमचं सगळं घरात मोठ्याने वाचून दाखवलं. सासरे ऐकत होते. गळ्यात बांधायचं ते मागे घेतलं, आणि जाळीसाठी जुने अँगल त्यांनीच काढून दिले. लस झालेली आहे, कार्ड आहे. खाद्याच्या पोत्यावर सॅलिनोमायसिन लिहिलेलं निघालं, पोती लगेच पिंपात टाकली.

दोन शंका आहेत. छाटणी तोंडावर आली की माझा पूर्ण दिवस मजुरांमागे जातो. तेव्हा बसायला जमलं नाही तर शिकवलेलं वाया जाईल का? आणि मोकळा सोडायची वेळ झाली हे ओळखायचं कसं?

देवनदीकाठ

वाया जात नाही. छाटणीच्या दिवसांत सकाळी शेड उघडताना आणि संध्याकाळी कोंबड्या आत घेताना दोरावर बरोबर घेतलात तरी पुरे, बाकी वेळ जाळीपलीकडे. एवढंच बघा की त्या दिवसांत मजुरांपैकी कुणी "बिचारा कोंडलाय" म्हणून दार उघडणार नाही. दाराला कडी आणि वर तारेचा आकडा लावा.

मोकळं सोडणं एका दिवसात होत नाही. आधी दोर हातातून सोडायचा आणि तो जमिनीवर घासत फिरू द्यायचा, तुम्ही तिथेच काम करत राहायचं. चूक झाली तर दोरावर पाय देता येतो. मग दोर आखूड करत न्यायचा. मग काढायचा, पण तुम्ही नजरेच्या टप्प्यात. मग घरात जाऊन खिडकीतून बघायचं. प्रत्येक पायरीवर मी दोन गोष्टी बघते. कोंबडा भांडला, कोंबडी दांडीवरून धपकन खाली आली, घारीला बघून सगळा कळप एकदम पळाला, तेव्हा कुत्रं काय करतं? कळपामागे धावलं तर अजून वेळ आहे. कळपाकडे पाठ करून आकाशाकडे किंवा कुंपणाकडे बघायला लागलं, तर तयार होत आलंय. भुरीने घारीवर पहिल्यांदा भुंकायला सुरुवात केली तेव्हा मी दोर कायमचा खुंटीला अडकवला.

दुसरं म्हणजे कोंबड्यांकडे बघा. कुत्रं जवळून गेल्यावर त्या मान वर करून थबकतात की दाणे टिपत राहतात? थबकत असतील तर तुमच्यामागे काहीतरी चालू आहे, एक पायरी मागे या.

नवीन बॅच आणली की ती त्याच्यासाठी परकी असते. पिल्लं आधी जाळीतून दाखवा, डालग्याखाली ठेवून हुंगू द्या, मग दोरावर. बदकं किंवा टर्की आणलीत तर पुन्हा पहिल्यापासून. कोंबडी ओळखणाऱ्या कुत्र्याला बदक आपलं वाटेलच असं नाही.

वाड्याच्या दादांनी भुंकण्याचं लिहिलंय ते फार खरं आहे, रात्री एकदा तरी उठून त्याच्याशी बोलत जा. आणि गळ्याचा पट्टा मधूनमधून चाचपा. या वयात मान भराभर वाढते, केसांखाली पट्टा रुततो आणि जखम झाली तरी दिसत नाही. दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत.